ओलांडायची शिळा

लेवानुकु बेट सगळे पांढरे आहे. वाळू प्रवाळाची, विहिरींचे कठडे प्रवाळाचे, थडगीही प्रवाळाचीच. दुपारच्या उन्हात तर बेट समुद्रावर ठेवलेल्या दुधाच्या वाटीसारखे दिसते. फक्त गावातून नीरफणसाच्या राईकडे जाणाऱ्या पायवाटेवर एक काळी शिळा आडवी पडली आहे. लांबीला माणसाएवढी, उंचीला वीतभर. अवघ्या बेटावर दुसरा काळा दगड नाही.

पाहुणे तिथे येऊन थबकतात. बेटावर पाय ठेवल्यापासून त्यांना बजावलेले असते, की बसलेल्याचे पाय ओलांडू नका आणि निजलेल्या माणसाला तर मुळीच ओलांडू नका. शिळा दिसते निजलेल्या माणसासारखी, म्हणून ते बाजूच्या गवतातून वळसा घालू बघतात. तेव्हा वाट दाखवणाऱ्या तेफारा आजी हसतात.

"गवतातून कशाला? साप नाहीत, पण काटे आहेत. हिला ओलांडूनच यायचे असते."

सगळे पलीकडे आले की त्या झाडाखाली बसतात आणि सांगू लागतात.

फार पूर्वी इथल्या मुखियाला आरिकी म्हणत. आरिकी देवाच्या वंशातला, त्यामुळे तो ज्याला शिवेल ते पवित्र होई आणि इतरांना वर्ज्य होई. त्याचा पाय जमिनीला लागला तर ती जमीन लोकांना बंद व्हायची, म्हणून त्याला खांद्यावरून नेत. त्याची सावली अन्नावर पडली तर ते अन्न फक्त त्याचे. म्हणून आरिकीने घराबाहेर पडायचे ते भर माध्यान्ही, सावली पायांखाली असताना, असा नेम होता.

रोकावा नावाचा आरिकी होता, तेव्हाची ही गोष्ट. त्या वर्षी असे वादळ आले, म्हणे, की मासे झाडांवर सापडले आणि झाडे समुद्रात. नीरफणसाचे एकही फळ उरले नाही. खाडीचे पाणी गढूळ झाले, मासे दूर गेले. गावाजवळ उरले फक्त एक पेव. नीरफणस आंबवून, पानांत गुंडाळून, जमिनीत पुरून ठेवायची रीत आजही आहे. ते पेव मोठे होते. गावाला पुढच्या बहरापर्यंत पुरले असते.

पेव उघडायचा दिवस ठरला. पानांचे थर काढता काढता ऊन कलले. मुलांचे रडणे रोकावाच्या घरापर्यंत ऐकू येत होते. त्याला राहवले नाही. लोकांना धीर द्यावा म्हणून तो तुमोआच्या खांद्यावर बसून निघाला. तुमोआ म्हणजे त्याला लहानपणापासून वाहून नेणारा म्हातारा. दोघांच्याही ध्यानात आले नाही, की सूर्य खाली गेला आहे. खांद्यावरच्या आरिकीची लांबच लांब सावली वाटेवरून सरकत आली आणि उघड्या पेवावर पडली.

लोकांचे हात जिथल्या तिथे थांबले. पेवाभोवतीची माणसे उठून मागे सरकली.

तीन दिवस गाव भरल्या पेवाशेजारी उपाशी बसले. ते अन्न आता एकट्या रोकावाचे होते आणि रोकावा त्याला हात लावत नव्हता. चौथ्या दिवशी त्याने आपल्या थोरल्या बहिणीला, हिनावेला बोलावले. देवांचे विधी तिलाच ठाऊक होते.

"अक्का, यातून वाट सांग."

"वाट आहे," हिनावे म्हणाली, "पण तिच्यावर तुला आडवे पडावे लागेल. तुझे देवपण तुझ्या डोक्यात आहे. वाटेवर नीज आणि गावाला तुझ्यावरून जाऊ दे. देवपण उतरेल, पेव मोकळे होईल. मात्र एकही माणूस राहिला, तर काहीच उतरायचे नाही."

"आणि ओलांडणारा मरतो म्हणतात, ते?"

"म्हणतात खरे. आजवर कोणी ओलांडलेच नाही, तर मेलेले कोणी पाहिले?"

माध्यान्ही रोकावा या वाटेवर उताणा निजला. पलीकडे पेव आणि अलीकडे सारा गाव. पण पाऊल कोणी उचलेना. शेवटी नेहुआ पुढे आली. ती खेकडे पकडून पोट भरणारी विधवा होती आणि तिच्या कडेवरचे मूल रडायचेही थांबले होते.

"आरिकी, पोट जरा आत घ्या," ती म्हणाली, "माझे पाय आखूड आहेत."

"पोट आहेच कुठे, बाई," रोकावा म्हणाला. "ये."

ती त्याच्यावरून पलीकडे गेली. लोक तिच्याकडे बघत राहिले. ती पडली नाही, तिचे पाय सुजले नाहीत. मग एकेक जण निघाला. बायका गेल्या, नावाडी गेले, चालता न येणाऱ्यांना लेकांनी पाठीवर नेले. असे सांगतात, की त्या वेळी समुद्राचा आवाज थांबला होता आणि पांढरे पक्षी हवेत एकाच जागी उभे होते. हिनावेनेही भावाच्या कपाळावर तळवा टेकवला आणि ती पलीकडे गेली.

अलीकडे तुमोआ एकटाच उरला.

"मला नाही जमायचे," तो म्हणाला. "याला मी या खांद्यांवर वाढवला. त्याच्या डोक्यावरून पाय कसा नेऊ? मी उपाशी मरेन, तुम्ही जेवा."

पण त्याच्यावाचून कोणालाच जेवता येणार नव्हते. नेहुआने मुलाच्या तोंडाशी बोट नेले, त्याने ओठही हलवले नाहीत. तरी म्हाताऱ्याला कोणी शब्दाने दुखवले नाही.

रोकावा आकाशाकडे बघत हळूच म्हणाला, "काका, चाळीस वर्षे वाहिलेत मला. आता खाली उतरवा."

तुमोआ पुष्कळ वेळ उभा राहिला. मग त्याने डोळे मिटले, हात पुढे धरले, आणि आंधळ्यासारखा चाचपडत तो त्याच्यावरून गेला.

रोकावा उठला. त्याची सावली मात्र उठली नाही. ती वाटेवरच निजून राहिली, आणि ऊन उतरेतो तिचा दगड झाला, म्हणे. रोकावा आपल्या पायांनी चालत पेवापाशी आला आणि हातात पान घेऊन रांगेत सगळ्यांच्या मागे बसला. पुढे तो खूप जगला, मासेमारी शिकला. भर उन्हातही त्याची सावली पडत नसे, असे सांगतात.

आजही लेवानुकुला नवा मुखिया निवडला, की त्याला एका दुपारी या शिळेवर निजवतात आणि सारा गाव त्याच्यावरून जातो. पलीकडे पानांवर जेवण वाढलेले असते. शेवटचा मान गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाचा. तो अलीकडे हवा तितका वेळ उभा राहतो. अन्न निवते, मुले पेंगतात, मुखियाच्या डोळ्यांत ऊन जाते. पण त्या माणसाला कोणी घाई करत नाही.