पाचवी अट

प्राचार्य उपासनी स्वतःला कॉलेजातले संगणकतज्ज्ञ समजत, कारण दुसरं कुणीच तसं समजत नव्हतं. तपासणी पथकाला तीनशे बारा कागदपत्रं एकाच फाइलीत हवी होती. त्यासाठी सॉफ्टवेअर निवडायला सरांनी समिती नेमली, अध्यक्षही स्वतःच झाले आणि तीन आठवडे चाचण्या घेतल्या. पहिल्या सॉफ्टवेअरने पानं उलटी लावली. दुसऱ्याने सरांचा बायोडाटा चार वेळा घातला. सरांना ते क्षणभर बरंही वाटलं.

शेवटी त्यांनी ऑफिसातल्या लिपिक विमल खरात यांना बोलावलं. "लिहा, खरातबाई! सॉफ्टवेअरसाठी अटी. पानं क्रमाने लावावीत. उलटं पान सुलट करावं. एकही कागद गहाळ होऊ नये. माझ्या चुका गुपचूप दुरुस्त कराव्यात. आणि पाचवी अट, दरवर्षी नूतनीकरणाची कटकट नको. असं काही दाखवा, लगेच सही करतो!"

बाईंनी पेन खाली ठेवलं. "सर, पहिल्या चार अटी मी नऊ वर्षं पाळतेय. संगणकात आधीपासून होतं त्याच सॉफ्टवेअरने सगळे कागद जोडून फाइल कालच तुम्हाला मेल केलीय. पाचवी अट तेवढी माझ्या हातात नाही. दर अकरा महिन्यांनी माझा करार तुम्हीच नव्याने करता."

सरांनी मेल उघडला. क्रम अचूक होता, बायोडाटा एकदाच होता. त्यांनी मुकाट्याने समिती बरखास्त केली आणि बाईंना कायम करण्याची शिफारस लिहायला घेतली. तीन ओळींत चार चुका झाल्या.

"बाई," ते ओशाळून म्हणाले, "सही करतो, पण त्याआधी हेही जरा तुम्हीच बघता का?"