समुद्राकडे तोंड करून

जमैका बेटावरच्या हेब्रन टेकडीवर लोक समुद्राकडे तोंड करून खणतात. उताराकडे तोंड करून कुदळ मारणं किती अवघड, हे डोंगरात शेत केलेल्याला सांगायला नको. पाय घसरतो, कंबर धरते. तरी कुणी वळत नाही. गावातले झेफनाया आजोबा याचं कारण सांगतात.

नव्वदेक वर्षांपूर्वी आफ्रिकेत एका काळ्या राजाला मुकुट चढवल्याची बातमी टेकडीवर पोहोचली. इथली माणसं गुलाम करून आणलेल्यांची नातवंडं-पतवंडं. बायबलातला तारणहार तो हाच, असं त्यांना वाटलं. रास्ताफारी पंथ अशाच माणसांतून उभा राहिला. गावचे उपदेशक ब्रदर ओबादाया यांनी तर सांगून टाकलं, की एक ऑगस्टला राजाचं जहाज आपल्याला घरी, आफ्रिकेत न्यायला येणार. जाणाऱ्यांच्या नावांची यादी झाली. "जो समुद्राकडे पाठ करील त्याचा विश्वास उडाला. त्याचं नाव खोडलं," ते म्हणाले.

मार्चमध्ये याम लावायचे दिवस आले. याम म्हणजे आपल्या कोनफळासारखा कंद. गावाचं पोट त्यावरच. पण खणायचं तर चढाकडे तोंड, म्हणजे समुद्राकडे पाठ. कुणी शेतात जाईना. शेळ्या विकल्या, बेण्याचे कंदही उकडून खाल्ले जाऊ लागले. माणसं कड्यावर बसून दर ढगात जहाजाचा धूर शोधत.

केतुरा नावाच्या विधवेचं नाव यादीत पहिलं होतं. आजीने मरताना तिच्याकडून वचन घेतलं होतं, की तू तरी घरी जा. नाव गेलं तर वचन मोडणार, लावणी गेली तर गाव उपाशी राहणार. आठ दिवस तिला चैन पडलं नाही, म्हणे. नवव्या दिवशी ती उरलंसुरलं बेणं टोपलीत घेऊन शेतात गेली, समुद्राकडे वळली आणि वाकून खणू लागली.

"उलटी खणतेस होय केतुरा? गडगडत थेट बंदरात जाशील!" कड्यावरून कुणी ओरडलं.

"जाईन की. तुमच्या आधी जहाजावर!"

ओबादाया तावातावाने आले. "खोडू का नाव?"

"पाठ कुठे केली, ब्रदर? बघा की. आणि राजा एवढ्या लांबून येणार, त्याला खायला काय घालायचं? तुमचं प्रवचन?"

लोक हसले. ओबादायांनी पेन्सिल खिशात ठेवली. दुसऱ्या दिवशी चार जणी तिच्या शेजारी उभ्या राहिल्या, मग सगळं गाव.

ऑगस्ट आला, गेला. जहाज आलं नाही. डिसेंबरात याम निघाला आणि गाव जगलं. ओबादायांनी यादी केतुराच्या हाती दिली. "फाडून टाक."

तिने फाडली नाही. म्हणाली, "तारीख तुमची चुकली, ब्रदर. राजा नाही चुकला."

ती त्या टेकडीवरच वारली, असं सांगतात.

आजही हेब्रनवर कुदळ तशीच चालते. आता वळून सोयीने खणायला काय हरकत, असं आम्ही झेफनाया आजोबांना विचारलं. ते कंबर धरून सावकाश सरळ झाले. पाण्यावरची नजर न काढता म्हणाले, "आणि नेमकं त्याच दिवशी आलं म्हणजे?"