म्हाकूबाई भुंकली त्याची गोष्ट

एका राज्यात कुत्री भुंकत नसत. झालं होतं असं की, अघोरसेन नावाचा मांत्रिक वेशीतून आत शिरला, तेव्हा गावातली सगळी कुत्री त्याच्यावर धावून गेली. त्याने उभ्या जागी शाप दिला आणि राज्यातल्या साऱ्या कुत्र्यांची वाचा बसली. कुत्री का धावली, हे राजाने विचारावं की नाही? छे! राजा म्हणाला, "वा, काय शांतता!" आणि मांत्रिकाला प्रधान करून मोकळा झाला. अशा राजाला काय म्हणावं!

मग धनगरांच्या मेंढ्या नाहीशा होऊ लागल्या आणि राजाच्या खजिन्यात सोन्याच्या विटा वाढू लागल्या. सगळ्यांना सगळं कळत होतं, पण बोलत कोणी नव्हतं.

म्हाकूबाई धनगरणीच्या अख्ख्या कळपातलं एकच कोकरू उरलं. तिचा खंड्या कुत्रा, शापानंतर जन्मलेला, मान खाली घालून बसलेला. ती तळ्यावर गेली. तिथली टिटवी माणसासारखी बोलत असे.

"टिटवीबाई, माज्या खंड्याला भुकाया कोन शिकवंल?"

"तूच. पिलू आईचं ऐकून शिकतं. त्याची आई मुकी, तर तू भुंक. बाजारात, वेशीवर, दरबारात. लाजू नकोस."

म्हाकूबाई बाजारात भुंकली. लोक पोट धरधरून हसले. ज्यांच्या मेंढ्या गेल्या होत्या तेही हसले, आणि त्याचा मला अजून संताप येतो. खंड्याने मात्र कान टवकारले. मग ती वेशीवर भुंकली. शिपायांनी दगड मारले, कपाळ फुटलं, तरी ती हटली नाही. खंड्याच्या घशात गुरगुर उमटली.

दरबारात राजा गरजला, "बाई, शांतता राखा!"

"समदा कळप गेला, म्हाराज. कशाची शांतता राखू?"

ती अघोरसेनाकडे वळली आणि भुंकली. तिचा आवाज मध्येच फाटला, विरला. तेवढ्यात तिच्या पायाशी खंड्या भुंकला. पाठोपाठ राज्यातलं कुत्रं न् कुत्रं भुंकू लागलं. अघोरसेनाचा मूठभर भुसा झाला. खजिन्यातल्या विटा बें बें करत पुन्हा मेंढ्या झाल्या, ढुशा मारून त्यांनी दारं उघडली आणि त्या आपापल्या घरी चालत्या झाल्या. मागे लेंड्या उरल्या, त्या राजाने स्वतःच्या हाताने झाडल्या. त्या दरबारात आता कुत्र्यांनी हुंगल्याशिवाय कोणी प्रधान होत नाही.

जशा म्हाकूबाईच्या मेंढ्या घरी आल्या, तसं ज्याचं गेलं त्याचं त्याला परत मिळो. आणि त्यासाठी कुणा बाईला भर बाजारात एकटीला भुंकावं न लागो.