राखणदाराचा पहिला वाटा

फार पूर्वी, गाव म्हणजे काय हेच कुणाला ठाऊक नव्हते, तेव्हाची ही गोष्ट. एका नदीकाठी एक टोळी आली. तिचा एक नियम होता: ज्याने शिकार आणली, त्याने आपला वाटा सगळ्यांत शेवटी घ्यायचा. म्हणून कुणी उपाशी झोपत नसे.

टोळीत कंदमुळे वेचणारी एक बाई होती. रानगवताच्या सांडलेल्या दाण्यांतून तेच गवत पुन्हा उगवते, हे पहिल्यांदा तिने पाहिले. तिने दाणे पेरले, पीक आले आणि टोळी तिथेच राहिली. काही वर्षांत रान तोडून शेत वाढले, झोपड्या उभ्या राहिल्या. मातीने लिंपलेली मोठी कणगी दाण्यांनी भरली. पाखरे आणि उंदीर हाकलायला टोळीने कणगीपाशी एक धट्टाकट्टा राखणदार नेमला.

वाटणीच्या दिवशी राखणदाराने सगळ्यांच्या आधी कणगीत हात घातला.

"अरे, आधी म्हातारीकोतारी!" वेचणारी म्हणाली.

"उन्हात उभा कोण राहिला? मीच ना?" तो हसला. "तू रागावू नकोस, मावशी. हे घे, तुला दोन मुठी जास्त."

वेचणारीच्या ओठांवर शब्द आला होता. पण दाणे टपोरे होते. तिने ते कातड्याच्या पिशवीत टाकले आणि ती गप्प बसली.

पुढच्या वर्षी राखणदाराने अर्धी कणगी घेतली. आता त्याच्याभोवती काठ्या घेतलेले चार मित्र होते. कुणी तोंड उघडलेच, तर त्याच्याही हातावर दोन मुठी दाणे पडत.

तिसऱ्या वर्षी पाऊस आला नाही. वेचणारीच्या धाकट्या बहिणीचे दूध आटले. तान्हे रडून रडून निपचित पडले. दोघी कणगीपाशी गेल्या.

"बाळ जगायला हवं. थोडे दाणे दे," बहीण म्हणाली.

"मांस सडायचं, म्हणून वाटायचो," राखणदार म्हणाला. "दाणे कुठे सडतात? मग वाटायचे कशाला?"

वेचणारीच्या अंगाचा तिळपापड झाला. "पेरलं आम्ही! निंदलं आम्ही! दळून दळून गुडघे गेले आमचे! आणि मालक तू? नुसता उभा राहून?"

"मग जा की परत रानात. कुणी अडवलंय?"

रान होते कुठे? ते तोडूनच शेत केले होते. कुठला कंद विषारी, हे नव्या पोरांना ठाऊकही नव्हते.

वेचणारी लोकांकडे वळली. "अरे, बोला की कुणीतरी! तुम्ही शंभर आणि ते पाच!"

सगळ्यांनी माना खाली घातल्या. एक म्हातारी तेवढी म्हणाली, "पहिल्या दिवशी आम्ही तुझ्या तोंडाकडे पाहत होतो, बाई. तूच गप्प बसलीस."

वेचणारीच्या मुठी वळलेल्याच राहिल्या. तोवर बहिणीने तान्ह्याला जमिनीवर ठेवले आणि मूठभर दाण्यांच्या बदल्यात राखणदाराचे दळण दळायला ती त्याच्या दगडापाशी गुडघे टेकून बसली. त्या टोळीत माणूस माणसापुढे पहिल्यांदाच वाकला.

तात्पर्य कडू आहे, पण ऐकाच: अन्याय लहान असतानाच तोंड उघडा. जास्तीची मूठ घेऊन गप्प बसलेल्याचा राग पुढे कुणाचेही पोट भरत नाही.