तांब्याच्या वासाचे चोर

फार पूर्वी ताम्रकेतू राजाच्या राज्यात डोंगरावर तांब्याची मोठी खाण चालत असे, आणि त्या खाणीच्या फाटकावर बोधिसत्त्व पहाऱ्याचा कुत्रा होऊन जन्मला होता. अंगावरच्या ठिपक्यांमुळे सगळे त्याला कबरा म्हणत. फाटकावर कुत्री पुष्कळ होती, पण कबरा उठला की मगच बाकीची उठत.

खाणीतून तांब्याचे दगड चोरीला जात. पहारेकऱ्यांचा नायक चंडक याने त्यावर नामी युक्ती काढली. कुत्र्यांना कच्च्या तांब्याचा वास द्यायचा, आणि फाटकाबाहेर ज्याच्या अंगाला तो वास येईल त्याला धरायला शिकवायचे. धरले की मांस मिळे. मग काय, चोर भराभर सापडू लागले. इतके सापडले की डोंगराखालचे अख्खे गावच चोरांचे आहे, असे चंडकाने दरबारात सांगून टाकले. कोणाची पोटरी फाटली, कोणाचा हात कायमचा गेला. झडतीत मात्र एकाच्याही कनवटीला तांबे मिळाले नाही. "गिळलं असेल," चंडक म्हणे, आणि विषय तिथेच संपे.

एक दिवस वेणुका नावाची म्हातारी तान्ह्या नातीला पाठीशी बांधून फाटकावरून चालली होती. चंडकाने इशारा केला. कबऱ्याने झेप घेऊन तिला पाडले आणि हुंगले. म्हातारीच्या अंगाला तांब्याचा वास येत होता. नातीलाही येत होता, टाळूला, मुठींना, ओठांनासुद्धा. दात न आलेले पोर काय चोरणार, असे त्याच्या मनात आले. आजवर आपण कोणाकोणाला फाडले ते आठवून त्याला फार वाईट वाटले.

चंडकाने बाकीची कुत्री सोडली. कबरा दोघींच्या पुढे उभा राहिला आणि आपल्याच कळपावर गुरगुरला. एकही कुत्रा पुढे सरकला नाही.

"खाल्ल्या मिठाला जागायचं सोडून चोरांची बाजू घेतोस?" असे ओरडत चंडकाने त्याला काठीने झोडपले. कबऱ्याचा पाय मोडला, पण तो हलला नाही.

राजा त्या दिवशी खाण पाहायला आला होता. आरडाओरडा ऐकून तो फाटकाशी आला, तेव्हा बोधिसत्त्व माणसाच्या वाणीने बोलला, "महाराज, ज्या वासावरून मी माणसे धरतो, तो कुठून येतो ते दाखवू?"

लंगडत लंगडत त्याने राजाला ओढ्यावर नेले. खाणीत दगड धुतलेले हिरवट पाणी ओढ्यात उतरत होते, आणि खाली गावच्या बायका त्याच ओढ्यात घागरी भरत होत्या. राजाने ओंजळभर पाणी तोंडात घेतले आणि लगेच थुंकून टाकले.

"हे लोक तुमचे तांबे नेत नाहीत, महाराज. तुम्हीच ते त्यांना पाजता, आणि त्यासाठी आम्ही त्यांना फाडतो."

राजाची मान खाली गेली. त्याने खाणीचे पाणी ओढ्यात सोडणे बंद करवले, गावाला दुसऱ्या झऱ्याचे पाणी दिले आणि जायबंदी झालेल्यांच्या पोटापाण्याची सोय लावली. पहारा राहिला, पण माणसांवर कुत्री सोडणे बंद झाले. दगड त्यानंतरही थोडेफार चोरीला जात. राजाने ते नुकसान सोसले.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, भद्रसेनाला सांगितली. तो एका खाणीवर पहारेकऱ्यांचा नायक होता, आणि हुकमावरून माणसे मारली तर दोष कोणाचा, हे विचारायला आला होता.

शास्ते म्हणाले, "तेव्हाचा ताम्रकेतू म्हणजे इथे बसलेला भिक्षू सुव्रत. वेणुका म्हणजे विहारात पाणी भरणारी मालिका. कबरा मी होतो. आणि भद्रसेना, चंडक तू होतास."

भद्रसेनाने कमरेची तलवार सोडून जमिनीवर ठेवली.

"ज्याच्यावर आपल्याला सोडले, त्याच्याच रक्षणाला उभे राहायचे," शास्ते म्हणाले, "ही मैत्री पारमिता, मैत्रीची परिपूर्णता."