दवाखान्याचं भाषण

वैजंताची तान्ही लेक तापाने फणफणली होती, आणि गावात जीप एकच, पुढारी अण्णासाहेबांची. "गावात दवाखाना आणतो" हे त्यांचं दोन तासांचं भाषण संपताच ती हातापाया पडून जीपमध्ये बसली. अण्णासाहेबांनी चावी फिरवली, तर जीप नुसती कण्हली.

"हिचाच पायगुण! उतर खाली," अण्णासाहेब गरजले.

वैजंताचे डोळे भरून आले. तेवढ्यात तिला भाषणाच्या भोंग्याची वायर दिसली, जीपच्या बॅटरीलाच जोडलेली.

"पायगुण कसला, अण्णासाहेब? बॅटरी उतरलीय. तुमच्या भाषणातून अर्धे लोक मधेच उठून गेले. ही बिचारी वायरीने बांधलेली, जीव जाईस्तोवर ऐकत राहिली."

हसत हसतच लोकांनी धक्का मारला. जीप सुरू झाली. वैजंता मात्र हसली नाही. दवाखाना अजून वीस मैलांवरच होता.