पाचवं नाव

“कौटुंबिक की सामाजिक? तुमची मालिका कुठल्या वर्गात घालू, आप्पा?” सुहृदनं विचारलं.

आप्पा मठाच्या ओसरीवर जपमाळ घेऊन बसले होते. नदीकडे बघत राहिले.

एके काळी ते टीव्हीसाठी मालिका करायचे. ‘काठावरचं घर’ ही शेवटची. घरातल्या धाकट्या मुलीचं काम त्यांच्याच लेकीनं, शरयूनं केलं होतं. मालिका संपली आणि त्याच पावसाळ्यात शरयू तापानं गेली. पुढे आप्पा मठात आले ते परत गेलेच नाहीत.

सुहृद त्यांचा शिष्य. दृश्य कसं बघायचं हे तो त्यांच्याकडेच शिकला. आता त्यानं उल्लेखनीय मराठी मालिकांची मोठी सूची सिद्ध करत आणली होती. जाणकार त्याचा शब्द अखेरचा मानत, आणि ते त्याच्या बोलण्यात उतरलं होतं.

आप्पांनी विचारलं, तू ती मालिका पाहिलीस का?

सुहृद म्हणाला, ती आता कुणालाच बघता येणार नाही. त्या काळी टेपा महाग असत. जुनं पुसून त्यावरच नवं घ्यायचे. ‘काठावरचं घर’वर कुठलेसे कुस्तीचे सामने चढले. पण परीक्षणं मिळाली, दोघे कलाकार भेटले, आणि वर्ग सोडला तर नोंद अगदी पूर्ण झाली.

माळ थांबली.

“सगळ्या पुसल्या?”

“सगळ्या.”

आप्पांना हे ठाऊक नव्हतं. ती मालिका कुठल्या तरी कपाटात आहे, असं धरून ते इतकी वर्षं जगले होते. बघायची हिंमत कधी झाली नव्हती, एवढंच.

त्यांचा चेहरा बघून सुहृदनं समजूत घातली.

“टेप जाते, आप्पा. नोंद राहते. सूचीत आलेलं काही हरवत नाही.”

“शरयू आहे त्यात?”

सुहृदनं सूचीचं बाड उघडून त्यांच्या मांडीवर ठेवलं. नावावर बोट टेकवलं.

“ही बघा. कलाकारांत पाचवी.”

आप्पांनी त्याचं बोट हळूच बाजूला केलं. मग ते वाकले आणि पानावर कान ठेवला.

डोळे मिटलेले...

सुहृदला आधी वाटलं, म्हातारपण. मग त्याला तिथे उभं राहवेना. बाड काढून घ्यावं म्हणून हात पुढे केला, पण हात तसाच राहिला. वर्ष, भाग, निर्माता, लेखक, सगळं त्याला तोंडपाठ होतं...

खाली घाटावर कुणीतरी कपडे आपटत होतं. तेही थांबलं.

बऱ्याच वेळानं आप्पांनी मान वर केली. गुरूनं शिष्याकडे बघावं तसं ते बघत नव्हते.

“तू एवढं सगळं शोधलंस, सुहृद... तिचा आवाज कसा होता रे?”